'मोकळी जमीन' : एका नियमाची भाषिक चिकित्सा

औद्योगिक पुनर्रचना व हरित विकास यांचा परस्परसंबंध हा अर्थशास्त्राचा आणि नगररचनेचा विषय मानला जातो. तथापि मुंबईच्या गिरणगावात हा संबंध ठरविण्यात एका विशेषणाच्या अर्थनिर्णयाचा वाटा मोठा होता. त्या दृष्टीने 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील 58 व्या नियमाचे परीक्षण येथे करावयाचे आहे.

जानेवारी 1982 मध्ये डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपानंतर अनेक गिरण्या बंद पडल्या आणि त्यांच्या सुमारे 600 एकर जमिनीचा प्रश्न उभा राहिला. नियमाने त्याला दिलेले उत्तर तत्त्वतः न्याय्य होते. गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करावयाचा झाल्यास साधारणतः एक तृतीयांश भाग बगीचे व मैदाने यांसाठी महापालिकेस, तितकाच सार्वजनिक गृहनिर्माणासाठी आणि उरलेला मालकास, अशी ती वाटणी होती. उद्योगाचे स्थित्यंतर ही शहराच्या हरित विकासाची संधी ठरावी, हा तिचा आशय.

2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ 'मोकळ्या जमिनी'पुरती राहिली. मूळ इंग्रजी पाठातील या शब्दप्रयोगाचे मराठीत दोन अर्थ संभवतात: आधीपासून 'मोकळी असलेली' जमीन आणि इमारती पाडल्यावर 'मोकळी झालेली' जमीन. पहिला अर्थ स्थितिवाचक, दुसरा परिणामवाचक. मराठीत हा भेद 'असणे' व 'होणे' या क्रियापदांनी स्पष्ट होतो. नुसत्या विशेषणात तो लोपतो. 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दुसरा अर्थ ग्राह्य धरला. मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवून पहिला अर्थ कायम केला.

हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. बैठ्या विणकाम-शेडांमुळे गिरणीचे आवार बहुतांशी छपराखाली असे. समजा, 10 एकरांपैकी 8 एकरांवर बांधकाम आहे. दुसऱ्या अर्थाच्या हिशेबाने बगीच्यांसाठी 3.3 एकर मिळतील. पहिल्या अर्थाच्या हिशेबाने जेमतेम 0.66 एकर.

दुरुस्तीच्या समर्थकांची बाजू दुर्लक्षणीय नाही. मूळ नियमानुसार फारसे मालक पुढे आले नव्हते. आजारी गिरण्यांचे पुनरुज्जीवन व कामगारांची देणी यांसाठी पैसा जमिनीतूनच उभा राहावयाचा होता. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने 2005 मध्ये पाच गिरण्यांच्या जमिनी विकल्या त्या याच भूमिकेतून. परंतु या युक्तिवादाने मालकास सवलत देण्याची गरज सिद्ध होते. ती सवलत बगीच्यांच्या वाट्यातूनच द्यावी, हे सिद्ध होत नाही. शिवाय 1996 मध्ये नेमलेल्या चार्ल्स कोरिया समितीने महामंडळाच्या गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित विचार करण्याचा मार्ग दाखविला होता. तुटक तुकड्यांऐवजी सलग सार्वजनिक जागा त्यातून साधली असती.

आमच्या मते नियमाचा खरा दोष अन्यत्र आहे. हरित भागाचे माप त्याने शहराच्या गरजेवरून न घेता गिरणीच्या जुन्या बांधकामावरून घेतले. परिणामी ज्या गिरणीने अधिक जमीन व्यापली होती, तिच्याकडून शहरास कमी परत मिळाले. पुनर्रचनेची अट म्हणून योजिलेली गोष्ट पुनर्रचनेची शिल्लक होऊन बसली. 'हरित विकास' ही संज्ञा आज सर्वत्र उच्चारली जाते. ती ज्या नियमांत अवतरते त्यांत 'असलेली' आणि 'झालेली' यांतील भेद स्पष्ट शब्दांत नोंदविला आहे की नाही, हे अभ्यासकाने प्रथम तपासावे.