रूपांतराचें श्रेय कोणाचें?

दुसऱ्याच्या कृतीवरून रचलेल्या पटकथेस स्वतंत्र पारितोषिक कशास हवें, असा प्रश्न सुशिक्षित रसिकांकडून पुष्कळदां विचारला जातो. कथा आयती, पात्रें आयतीं. मग रूपांतरकारानें केलें तें काय? या शंकेस आम्ही एका प्रसिद्ध उदाहरणानें उत्तर देऊं इच्छितों.

पिएर बूल या फ्रेंच लेखकाच्या १९५२ सालच्या कादंबरीवरून डेव्हिड लीन यांनीं दिग्दर्शित केलेला 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' हा चित्रपट १९५७ सालीं निघाला. जपान्यांच्या कैदेंत सांपडलेला इंग्रज कर्नल शिस्तीच्या अभिमानापायीं शत्रूलाच उत्कृष्ट पूल बांधून देतो. कादंबरींत तो अखेरपर्यंत त्या पुलाचा कैवारीच राहतो, आणि पूलही उभा राहतो. चित्रपटांत मात्र शेवटच्या क्षणीं त्याचे डोळे उघडतात; जखमी होऊन तो सुरुंगाच्या खटक्यावरच कोसळतो, व पूल उडतो. मुळांत बोचरा उपरोध आहे, रूपांतरांत शोकांतिका आहे. हा फरक केवळ प्रसंगाचा नव्हे, जीवनदृष्टीचा आहे.

असें असतां १९५८ सालीं रूपांतरित पटकथेचें ऑस्कर पारितोषिक खुद्द बूल यांसच मिळालें! वस्तुतः ती पटकथा कार्ल फोरमन व मायकेल विल्सन यांची होती. पूर्वींच्या साम्यवादी संबंधांविषयीं अमेरिकन संसदेच्या समितीशीं सहकार्य न केल्यामुळें हॉलिवूडनें त्यांस काळ्या यादींत घातलें होतें. म्हणून चित्रपटावर त्यांचीं नांवें आलीं नाहींत. अन्याय राजकीय होता हें खरें. पण तो झांकण्यास मूळ लेखकाचें नांव सोयीचें ठरलें, तें रूपांतरकार म्हणजे नुसता ओझेवाला या समजुतीच्या बळावर, असें आम्हांस वाटतें. १९८४ सालीं अकादमीनें हा मान त्या दोघांस दिला. तेव्हां दोघांपैकीं एकही हयात नव्हता.

आपल्याकडे 'संशयकल्लोळा'चें बीज परकीय आहे हें ठाऊक असूनही देवलांस कोणी उसनवारीचा दोष देत नाहीं. फाल्गुनरावाचा संशय अस्सल मराठीच वाटतो. हाच न्याय पटकथेस लावावा. चित्रपट पुस्तकाशीं कितपत इमानी आहे एवढेंच पाहून भागत नाहीं. जें बदललें तें कां बदललें, व त्यानें काय साधलें, हें परीक्षकांनीं पाहावें. आणि ज्यानें तें साधलें त्याचेंच नांव, तो जिवंत असतां, उच्चारावें.