चंद्रावरील पहिलें पाऊल आणि त्याचें वाङ्मय

चंद्रावर मनुष्याचें पाऊल पडलें त्यास अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. दर वर्षीं जुलै महिना आला म्हणजे वर्तमानपत्रांतून तेंच एक छायाचित्र आणि तेंच एक वाक्य पुन्हां छापलें जातें, आणि स्मरणाचें कर्तव्य आटोपलें असें समजून वाचक दुसऱ्या बातमीकडे वळतो. आम्ही वाङ्मयाचे अध्यापक. अग्निबाणांच्या शास्त्रांत आमची गति नाहीं, आणि ज्या दिवशीं ही घटना घडली त्या दिवशीं आमचा जन्महि झालेला नव्हता. तथापि आमच्या पिढीला ही घटना मिळाली ती मुख्यतः शब्दांतून मिळाली. आणि जी वस्तु शब्दांतून हातीं आली तिची पारख करण्याचा थोडाफार अधिकार शब्दांच्या परीक्षकालाहि असावा. त्या पावलाभोंवतीं जें वाङ्मय उभें राहिलें त्यांतील खरें कोणतें आणि नुसतें शोभेचें कोणतें, हा प्रश्न आम्ही येथें घेत आहों.

आपल्या घड्याळाप्रमाणें सांगावयाचें तर 21 जुलै 1969 रोजीं मध्यरात्रीनंतर पावणेदोनच्या सुमारास ‘ईगल’ नांवाचें यान चंद्राच्या शांतिसागरांत, म्हणजे सागराचें केवळ नांव मिळालेल्या एका कोरड्या मैदानावर, उतरलें. आणि सकाळीं साडेआठच्या सुमारास नील आर्मस्ट्राँग शिडीवरून खालीं आला. पाश्चात्य देशांतील कोट्यवधि माणसें त्या वेळीं दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर बसलीं होतीं. महाराष्ट्रांत तो पडदाच नव्हता. मुंबईचें केंद्र सुरू झालें तें 1972 सालीं. 1969 च्या ऑक्टोबरांत तिघे अंतराळवीर जगाच्या दौऱ्यावर असतां मुंबईस येऊन गेले, तेव्हां लोकांनीं त्यांस पाहिलें खरें; पण त्यांनीं जें पाहिलें होतें तें आपल्याकडील वडीलधाऱ्यांस रेडिओवरून ऐकूनच आणि वर्तमानपत्रांतून वाचूनच मिळालें. हें आम्ही उणेपणा म्हणून सांगत नाहीं. ऐकलेल्या गोष्टीची मौज अशी कीं तिच्यांत शब्दांवर फार भार पडतो.

त्या प्रसिद्ध वाक्याकडे प्रथम वळूं. माणसाचें लहानसें पाऊल आणि मानवजातीची प्रचंड झेप, हा त्याचा आशय शाळकरी मुलांसहि ठाऊक आहे. इंग्रजी भाषिकांत त्यावर जो वाद माजला तो एका अक्षराचा आहे. ‘एका’ माणसाचें असें सुचविणारें इवलेंसें उपपद आर्मस्ट्राँगनें उच्चारलें कीं नाहीं? तें गळालें असेल तर माणूस आणि मानवजात यांचा अर्थ एकच होतो आणि वाक्यांतील विरोधच नाहींसा होतो. आपण तें उपपद योजिलें होतें असें त्याचें म्हणणें. ध्वनिमुद्रिकेंत मात्र तें स्पष्ट ऐकूं येत नाहीं. मराठीस असलें उपपद मुळांतच नाहीं. म्हणून विरोध राखावयाचा तर भाषांतरकारास ‘एका माणसाचें’ असें उघड लिहावें लागतें. आणि गंमत ही कीं मूळांत हरवलेलें अक्षर भाषांतरांत बिनबोभाट सांपडतें!

वाक्य वाईट नाहीं. त्याला तोल आहे, आणि प्रसंगाचें भान आहे. यान उतरल्यानंतर तें आपणास सुचलें असें आर्मस्ट्राँग सांगत असे. परंतु आमची कसोटी निराळी आहे: तेथें न जातां हें वाक्य लिहितां आलें असतें काय? निःसंशय आलें असतें. वॉशिंग्टनमधील एखाद्या कचेरींत बसून कोणीहि निष्णात भाषणलेखक तें लिहूं शकला असता. आणि अशा कचेरींत खरोखरच कोणी बसलें होतें. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे भाषणलेखक विल्यम सफायर यांनीं 18 जुलै 1969 रोजीं, म्हणजे यान वाटेवर असतांनाच, एक मजकूर तयार ठेविला होता. दोघे अंतराळवीर चंद्रावर अडकून पडले तर राष्ट्राध्यक्षांनीं काय बोलावें, त्यांच्या पत्नींस आधीं दूरध्वनि कसा करावा, आणि संपर्क तोडल्यानंतर सागरांत देह विसर्जन करतांना जो विधि करतात तो धर्मोपदेशकानें कसा करावा, हें सारें त्यांत आहे. मजकूर हृदयस्पर्शी आहे. पण चंद्र त्यांतहि नाहीं.

आतां आर्मस्ट्राँग त्या वाक्याच्या पाठोपाठ काय बोलला तें पाहा. हा भाग कोणी पाठ करीत नाहीं. जमिनीचा पृष्ठभाग भुकटीसारखा मऊ आहे. बुटाच्या टोंकानें ती सहज उडवितां येते. बुटाच्या तळव्याला आणि बाजूंना ती कोळशाच्या पुडीसारखी पातळ थरांनीं चिकटते. पाऊल आंत रुततें तें इंचाचा जेमतेम आठवा भाग. बुटांचे ठसे मात्र स्वच्छ दिसतात. इतकेंच. कोळशाची पूड म्हटल्याबरोबर आपल्या घरांतील वृद्धांस जुनें दंतमंजन आठवावें, इतकी ती उपमा घरगुती आहे. आणि तो इंचाचा आठवा भाग! चंद्रावर धुळीचा खोल थर असेल व यान त्यांत बुडून जाईल अशी भीति टॉमस गोल्ड या शास्त्रज्ञानें पूर्वीं व्यक्त केली होती. 1966 सालीं मनुष्यविरहित यानें तेथें सुखरूप उतरल्यावर ती बरीचशी निवाली. परंतु स्वतःच्या देहाचा भार त्या मातीवर टाकून तिचें उत्तर देणारा मनुष्य हा पहिला. हीं वाक्यें तेथें गेल्यावांचून लिहितां येत नाहींत. आमच्या मतें त्या दिवसाचें खरें वाङ्मय येथून सुरू होतें.

आपल्या मराठी मनास ही कसोटी किंचित् जड जाते, याचें कारण चंद्र आपल्याकडे उपमान म्हणून इतका राबला आहे कीं त्याला स्वतःची माती असावी ही कल्पनाच आपणांस परकी वाटते. त्यांत दुःख करण्यासारखें कांहीं नाहीं. संकष्टीच्या दिवशीं चंद्रोदयाची वेळ पाहून उपवास सोडणारें घर आणि त्याच चंद्रावरील बुटाचा ठसा दाखविणारें पाठ्यपुस्तक हीं दोन्हीं एकाच छपराखालीं सुखानें नांदतात, आणि कोणीं कोणास घराबाहेर काढावें असें आम्हांस वाटत नाहीं. तक्रार आहे ती एवढीच कीं गौरवाच्या प्रसंगीं आपण विशेषणांकडे धांव घेतों आणि तपशील टाकून देतों. 23 ऑगस्ट 2023 रोजीं चांद्रयान-3 चें ‘विक्रम’ दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशांत उतरलें, तेव्हां हा देश पडद्यासमोर बसला होता आणि डोळे आमचेहि भरून आले. पुढील कांहीं दिवसांत त्या यानानें मातींत उष्णतामापक खुपसला. वरचा थर उन्हानें तापलेला, आणि अवघे 8 सेंटीमीटर खालीं पारा शून्याच्याहि खालीं गेलेला! त्याच्या लहानशा गाडीनें मातींत गंधक असल्याची निश्चिति केली. टाळ्या वाजविणाऱ्यांपैकीं किती जणांस ही गोष्ट आज आठवते? आम्हीं पदवीच्या वर्गांत विचारून पाहिलें. उतरण्याची तारीख सर्वांस पाठ होती. मातीविषयीं एक हात वर आला, तोहि अर्धा.

याच वर्गांत दर वर्षीं एखादा विद्यार्थी हटकून विचारतो कीं अमेरिकेचें तें सारें प्रकरण चित्रपटासारखें बनविलेलें होतें, हें खरें काय? त्यास पुराव्यांचीं उत्तरें पुष्कळ आहेत. सुमारें साडेएकवीस किलो दगडमाती पहिल्याच फेरींत पृथ्वीवर आली. तेथें ठेविलेला परावर्तक आजहि पृथ्वीवरील प्रकाशशलाका परत पाठवितो. आणि 2009 पासून चंद्राभोंवतीं फिरणाऱ्या अमेरिकन यानानें त्या जागेचीं छायाचित्रें घेतलीं आहेत. पण वाङ्मयाच्या विद्यार्थ्यास आम्ही आणखी एक उत्तर देतों. पोथीचा खरेखोटेपणा ठरवितांना आपण तिच्या आंतील पुरावा पाहतों. तोच येथें पाहावा. बनावट लिहिणारा भव्य लिहितो. उतरतां उतरतां यानाचा संगणक 1202 या अंकाची धोक्याची खूण पुनःपुन्हां दाखवितो, तिचा अर्थ यानांतील दोघांस त्या क्षणीं सांगतां येत नाहीं, ते भूमीवरच्यांस विचारतात, आणि स्टीव्ह बेल्स नांवाचा सव्वीस वर्षांचा तरुण ‘पुढें चला’ असा कौल देतो, हें नाटककारानें लिहिलें असतें तर प्रेक्षकांनीं अतिरंजित म्हणून हंसण्यावारी नेलें असतें. परतीचें एंजिन चालू करण्यास लागणारी एक कळ मोडून यानाच्या तळाशीं पडली होती. आल्ड्रिननें तिच्या जागीं स्केचपेनासारखें एक साधें पेन खुपसून काम भागविलें. इतकेंच काय, पहिल्या पाऊल टाकणाऱ्याचें चंद्रावरील चांगलेंसें छायाचित्रहि नाहीं, कारण बहुतेक वेळ कॅमेरा त्याच्याच हातांत होता. दर वर्षीं छापलें जाणारें तें छायाचित्र आल्ड्रिनचें आहे, आणि आर्मस्ट्राँग दिसतो तो आल्ड्रिनच्या शिरस्त्राणाच्या कांचेंत, प्रतिबिंब म्हणून. असला गलथानपणा कोणता कपटी मनुष्य करील?

आतां ग्रंथांकडे. तिघा अंतराळवीरांच्या नांवानें 1970 सालीं निघालेलें ‘फर्स्ट ऑन द मून’ हें पुस्तक दोन व्यावसायिक लेखकांच्या साह्यानें सिद्ध झालें. माहितीसाठीं तें उपयुक्त आहे. परंतु त्याला बोलणारा कंठ नाहीं. नॉर्मन मेलर यांचें ‘ऑफ अ फायर ऑन द मून’ याच्या नेमकें उलट. मेलर स्वतःस कुंभ राशीचें नांव देऊन तृतीयपुरुषांत वावरतात, आणि यंत्रांचीं वर्णनें अशा ताकदीनें करतात कीं वाचक थक्क होतो. पण अंतराळवीरांची कोरडी, नियमबद्ध भाषा त्यांस सोसत नाहीं. त्या भाषेंत आत्मा नाहीं, असा त्यांचा ग्रह होतो आणि ती उणीव ते आपल्या आत्म्यानें भरून काढतात. परिणामीं पुस्तक संपतें तेव्हां वाचकास मेलर यांची ओळख पटलेली असते, चंद्राची नव्हे. बुद्धिमान लेखकास साधेपणा म्हणजे दारिद्र्य वाटूं लागणें, हा दोष आपल्याकडेहि दुर्मिळ नाहीं.

आमचा कौल मायकेल कॉलिन्स यांच्या 1974 सालच्या ‘कॅरिइंग द फायर’ या आत्मवृत्तास आहे. हा तिसरा मनुष्य. चंद्राजवळ जाऊनहि त्यावर न उतरलेला. इतर दोघे खालीं असतां तो वर मुख्य यानांतून घिरट्या घालीत होता. पुस्तक त्यानें दुसऱ्या कोणाच्या लेखणीचें साह्य न घेतां लिहिलें, आणि त्यास प्रस्तावना आहे ती 1927 सालीं एकट्यानें अटलांटिक ओलांडणाऱ्या चार्ल्स लिंडबर्ग यांची. कॉलिन्सची विनोदबुद्धि तल्लख आहे आणि ती बहुधा स्वतःवरच चालते. आपले दोघे सोबती चंद्रावरून उठूं शकले नाहींत तर आपणांस एकट्यानेंच परतावें लागेल आणि जन्मभर लोक आपल्याकडे बोट दाखवितील, ही भीति तो लपवीत नाहीं. तीहि तो मोजून मापून सांगतो. छाती बडवून घेत नाहीं. कॉलिन्स 2021 सालीं वारला. त्याचें नांव आपल्याकडे सामान्यज्ञानाच्या परीक्षेंत तिसरा पर्याय म्हणून येतें, याचें आम्हांस वाईट वाटतें.

हें पुस्तक कोणीं मराठींत उतरविण्यास घेतलें तर त्यानें आरंभ चंद्राच्या पलीकडच्या बाजूच्या प्रकरणापासून करावा. प्रत्येक फेरींत सुमारें 48 मिनिटें यान चंद्राच्या आड जाई, आणि तेवढा वेळ कॉलिन्सशीं कोणासहि बोलतां येत नसे. आदमानंतर इतका एकाकी मनुष्य दुसरा झाला नसेल, असें त्या वेळीं भूमीवरून म्हटलें गेलें, आणि पुढें वर्तमानपत्रांनीं त्याची जगांतील सर्वांत एकटा मनुष्य म्हणून कींव केली. कॉलिन्स तें साफ नाकारतो. आपणांस भय वाटलें नाहीं, पोरकेपणहि वाटलें नाहीं. एक सावध, तृप्त, जवळ जवळ उल्हासाची जाणीव होती, असें तो सांगतो, आणि हा भेद पटविण्यासाठीं त्यास बरेच शब्द खर्चावे लागतात. मराठी भाषांतरकारास हें काम सोपें जावें. आपल्या भाषेंत ‘एकटेपणा’ आणि ‘एकांत’ हे शब्द वेगळे आहेत, आणि दुसऱ्या शब्दामागें संतांच्या वाणीची जी पुण्याई आहे तीमुळें तो 48 मिनिटांच्या त्या काळोखांत ठेविला तरी अवघडल्यासारखा वाटणार नाहीं.