‘आपण जिंकलो’ : महाविद्यालयीन कबड्डीच्या प्रेक्षकांच्या बोलण्यासंबंधी काही विचार

साहित्यकृतीविषयी जे लिहिले जाते त्यास आपण समीक्षा म्हणतो. नाट्यप्रयोग पाहून घरी परतणारा प्रेक्षक वाटेत जे बोलतो त्यासही उदारपणे समीक्षेच्या अंगणात उभे राहू देतो. परंतु खेळाचा सामना पाहून आलेली माणसे तासन् तास जे बोलतात त्याची दखल भाषेच्या अभ्यासकांनी फारशी घेतलेली नाही. हे बोलणे म्हणजे केवळ गलका, अशी आपली समजूत असते. मैदानावर सामना चालू असताना होणारा आरडाओरडा खरोखरच गलका असेल. त्याचा विचार येथे करावयाचा नाही. सामना संपल्यानंतरचे, चहाच्या टपरीवरचे, फलाटावरचे आणि गाडीच्या डब्यातले जे सावकाश बोलणे, तेच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

विषयाची निवड योगायोगाने झालेली नाही. मोठ्या स्पर्धांच्या सामन्यांचे वर्णन दूरदर्शनसंच करतो, वृत्तपत्रे करतात, आकडे कोठेतरी नोंदले जातात. लहान गावच्या महाविद्यालयाचा संघ मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत खेळतो तेव्हा मात्र त्याची नोंद झालीच तर दोन ओळींची होते, आणि त्या दोन ओळींत ‘चुरशीची लढत’, ‘निसटता विजय’ किंवा ‘दणदणीत विजय’ यांपैकी एक शब्दप्रयोग ठरलेला असतो. कोणत्या चढाईने सामना फिरला, कोणाचा पाय कोणी धरला, हे सारे केवळ पाहणाऱ्यांच्या बोलण्यात शिल्लक राहते. म्हणजे हे बोलणे त्या सामन्याचा इतिहासही आहे आणि त्याची समीक्षाही. दुसरी प्रत उपलब्ध नाही.

अमेरिकेत लहान महाविद्यालयांच्या बास्केटबॉल सामन्यांविषयी असेच बोलणारे रसिक असतात. स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ साली शोधून काढलेला तो खेळ महाराष्ट्रातही रुजला. मुंबईच्या नागपाड्याने तर अब्बास मुन्तसिर यांच्यासारखा भारतीय संघाचा कर्णधार दिला. पण पालघर, बोईसर आणि तारापूर या पट्ट्यात महाविद्यालयीन मुलांच्या ज्या खेळावर माणसे खरोखर तावातावाने बोलतात तो खेळ कबड्डी होय. म्हणून प्रस्तुत लेखकाने आपले कान तिकडे लावले.

प्रथम संज्ञांविषयी. या बोलण्यात शब्दांचे तीन थर सहज दिसतात. सर्वांत जुना थर हुतूतूच्या काळचा : गडी, लोण, मेला, उठला. खेळाडूच्या बाद होण्यास मरण म्हणावे आणि प्रतिपक्षाचा गडी बाद होताच आपला मेलेला गडी जिवंत व्हावा, ही कल्पना खेळाच्या गाभ्यातच आहे. नियमबद्ध कबड्डीच्या इतिहासात या प्रकारास ‘संजीवनी’ असे जे नाव मिळाले ते कच आणि शुक्राचार्य यांची कथा ठाऊक असलेल्या माणसांनीच दिलेले असणार. दुसरा थर वृत्तपत्रांचा : चढाईपटू, मध्यरक्षक, कोपरारक्षक, गुणफलक. तिसरा थर २०१४ च्या जुलैमध्ये प्रो कबड्डी सुरू झाल्यानंतर दूरदर्शनसंचावरून उतरला : रेड, टॅकल, सुपर टॅकल, डू ऑर डाय. (त्याच सुमारास, १ ऑगस्ट २०१४ रोजी, पालघर जिल्हा अस्तित्वात आला. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. पण येथील तरुणांच्या स्मरणात त्या बहुधा एकत्र बसलेल्या आढळतात.)

या मिश्रणाकडे पाहून भाषा बिघडली असा निर्वाळा देणे फार सोपे आहे. थोडे लक्ष देऊन ऐकले असता निराळेच दिसते. डावपेचाचे नाव इंग्रजीत असते. त्या डावपेचाचे मोल मराठी क्रियापद ठरविते. ‘थाय होल्ड’ हे नाव झाले. तो ‘लागला’, ‘बसला’, ‘सुटला’ की नुसता ‘घातला’, हे सांगणारा शब्द प्रत्येक वेळी मराठी असतो, आणि या चार क्रियापदांत चार निरनिराळे अभिप्राय आहेत. ‘घातला’ म्हणजे प्रयत्न केला, फळाविषयी मौन. ‘लागला’ म्हणजे फळ मिळाले, पण कर्त्याच्या कौशल्याची हमी नाही. ‘बसला’ म्हणजे पकड पक्की, तिच्याविषयी तक्रार नाही. ‘सुटला’ या शब्दात तर पकडणाराचा दोष आहे, पण तो उच्चारलेला नाही. वृत्तपत्रीय मराठीने हे सारे ‘यशस्वी पकड’ आणि ‘अयशस्वी पकड’ या दोन खणांत कोंबले आहे. टपरीवरचा रसिक भाषेच्या बाबतीत वार्ताहरापेक्षा काटेकोर असतो, असे विधान करण्यास प्रस्तुत लेखकास संकोच वाटत नाही.

हेच संपूर्ण सामन्याविषयीच्या क्रियापदांत अधिक ठळक होते. मॅच ‘काढली’, ‘घालवली’, ‘गेली’, ‘सोडली’. (‘सामना’ हा शब्द बोलण्यात क्वचितच येतो; ‘मॅच’ आणि तीही स्त्रीलिंगी.) ‘काढली’ या प्रयोगास कर्ता हवा, आणि तो बहुधा एकटा असतो : अमक्याने मॅच काढली. चिखलात रुतलेली गाडी काढावी तशी ती काढलेली असते, म्हणजे ती आधी अडकलेली होती हेही त्यात आले. ‘गेली’ या प्रयोगास कर्त्याची गरज नाही. भरतीचे पाणी ओसरावे तशी मॅच गेली. पराभवानंतर पहिल्या काही मिनिटांत ‘गेली’ ऐकू येते. चहा येईपर्यंत त्याचे ‘घालवली’ होते, आणि मग ‘कोणी?’ हा प्रश्न अटळ ठरतो. अकर्मक क्रियापदाकडून प्रयोजकाकडे होणारा हा प्रवास म्हणजेच शोकाकडून समीक्षेकडे होणारा प्रवास, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र दोष देण्याकडे होणारा प्रवासही हाच. दोहोंचे व्याकरण एक आहे, ही या बोलण्याची अडचण होय.

आता सर्वनामांकडे वळू. रॉबर्ट चाल्दिनी आणि त्यांचे सहकारी यांनी १९७६ साली अमेरिकन विद्यार्थ्यांच्या बोलण्याविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. आपल्या विद्यापीठाचा फुटबॉलसंघ जिंकला असता विद्यार्थी त्याचे वर्णन प्रथमपुरुषी अनेकवचनात करतात आणि संघ हरला असता त्या सर्वनामाचा वापर कमी होतो, असे त्यांना आढळले. दुसऱ्याच्या यशाच्या उन्हात स्वतःस शेकून घेण्याची ही वृत्ती, असा त्यांचा निष्कर्ष. तो पुढे फार गाजला, आणि आपल्याकडेही तो मराठीस जसाच्या तसा लागू करण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे.

परंतु इंग्रजीत प्रथमपुरुषी अनेकवचन एकच आहे. मराठीत दोन आहेत. ‘आम्ही’ ऐकणाऱ्यास वगळते, ‘आपण’ त्यास सामावून घेते. शेजारच्या गुजरातीतही ‘अमे’ आणि ‘आपणे’ असा भेद आहे, आणि डहाणू-तारापूरकडील पुष्कळ माणसे दोन्ही भाषा बोलतात. आर्यभाषांतील हा भेद द्राविड भाषांच्या संपर्कातून आला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणून आपल्या प्रेक्षकाने केवळ ‘जिंकलो’ म्हटले की ‘जिंकले’, एवढे मोजून भागत नाही. तो कोणाशी बोलत होता हे पाहावे लागते. विरुद्ध महाविद्यालयाच्या मुलांसमोर तो ‘आम्ही जिंकलो’ म्हणतो. स्वतःच्या डब्यात शिरल्यावर त्याच विजयाचे ‘आपण जिंकलो’ होते. पहिले आव्हान आहे, दुसरे वाटप.

आणि पराभवानंतर? चाल्दिनींच्या निष्कर्षावरून ‘आपण’ लोप पावावयास हवे. तसे ते होते, पण सर्वत्र नव्हे. ‘ते हरले’ असे म्हणणारे भेटतात. मात्र ‘आपण तेव्हा धरायलाच नको होतं’, ‘आपण टाइम काढायला हवा होता’ अशी वाक्येही पराभवाच्या संध्याकाळी विपुल ऐकू येतात. येथे ‘आपण’ यशाचा वाटा मागत नाही. विध्यर्थी क्रियापदाबरोबर येणारे हे ‘आपण’ चूक वाटून घेते, आणि तसे करूनच ती दाखविण्याचा अधिकार मिळविते. ‘त्यांनी धरायला नको होतं’ हा शेरा झाला. ‘आपण धरायला नको होतं’ ही समीक्षा झाली. मराठीतील घरगुती उपदेशाची हीच रीत आहे. वडील मुलास ‘आपण असं करू नये’ म्हणतात तेव्हा करणारा एकटा मुलगाच असतो. इंग्रजी भाषकांवरून काढलेला निष्कर्ष मराठीस लावताना हा सारा प्रदेश निसटतो.

आता जो मुद्दा मांडावयाचा आहे तो इतका सुखावह नाही. ‘आपण’ या वर्तुळाचा परीघ कोण आखतो? या पट्ट्याच्या वस्तीकडे पाहावे. सर जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात, १९०५ साली, या किनाऱ्याच्या व त्यामागील डोंगराच्या बोलींपैकी वाडवळ, फुडगी, सामवेदी, वारली इत्यादींची नोंद झाली. त्यानंतर १९६९ साली तारापूरची अणुवीज केंद्राची पहिली दोन संयंत्रे सुरू झाली, वसाहत आली, औद्योगिक क्षेत्र वाढले, देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून कामगार आले. तिसऱ्या आणि चौथ्या संयंत्रासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. महाविद्यालयाच्या सात जणांच्या संघात या सर्व ठिकाणची मुले एकत्र येऊ शकतात. विजयाच्या दिवशी ती सर्व ‘आपली पोरं’ असतात. पराभवाच्या दिवशी एखादा गडी एकाएकी ‘तो पाड्यावरचा’, ‘तो कॉलनीतला’ किंवा ‘तो भैया’ होतो. नाव जाते आणि ठिकाण येते. ज्या पकडीविषयी एरव्ही चार क्रियापदांचा विवेक दाखविला जातो तिच्याविषयी त्या दिवशी एक विशेषण पुरते.

हे दुसऱ्यांविषयीच लिहून थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. प्रस्तुत लेखकाने एका पराभवानंतर आपल्याच एका विद्यार्थ्याचा उल्लेख सहकाऱ्यांसमोर असाच केला होता. आणि तो करताना भाषाशास्त्रातील पदवी मुळीच आडवी आली नाही. सामनाभर आपण त्यास नावाने हाका मारीत होतो, हे घरी पोहोचल्यावर ध्यानात आले.

समीक्षा म्हणूनही या बोलण्यात उणिवा आहेत. तीत चढाईचे वर्णन फार आणि बचावाचे थोडे असते. चढाई करणारा एकटा दिसतो, साखळी धरून उभे असलेले सहा-सात जण मात्र पार्श्वभूमी होऊन राहतात. वीस वीस मिनिटांच्या दोन डावांपैकी शेवटची तीन मिनिटेच स्मरणात राहतात, आणि पूर्वार्धात बसलेल्या लोणाचे दोन जादा गुण कोणी हिशेबात धरीत नाही. पंचांविषयी जे बोलले जाते त्याचा विचार न केलेला बरा. आणि सर्वांत मोठी उणीव अशी की ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे तो बहुधा तेथे नसतो.

एकदा तो होता. २०२३ सालच्या डिसेंबरात वसईकडील एका मैदानावर झालेला सामना दोन गुणांनी हरून मंडळी डहाणू गाडीने परतत होती. सफाळे सुटेपर्यंत ‘गेली’ चालले होते. केळवे रोड येईतो ‘घालवली’ सुरू झाले. शेवटच्या चढाईत आपल्या गड्याने बोनस घ्यावयाचा सोडून अंगावर घेतले आणि घोटा देऊन बसला, असा एकमुखी निर्णय होत आला होता. पालघरला काही मंडळी उतरली, जागा झाली, आणि दारापाशी पाठमोरा उभा असलेला मुलगा आत वळला तेव्हा तोच तो, हे सर्वांना कळले. बोलणे थांबले. तो शांतपणे म्हणाला, “बोनस कुठं होता, काका? पाचच उभे होते समोर.”

समोर किमान सहा गडी असल्याखेरीज बोनस गुण मिळत नाही, हा नियम डब्यातील प्रत्येकास ठाऊक होता. एक वयस्क गृहस्थ, बहुधा कारखान्यातील नोकरी संपवून मुलाबरोबर सामना पाहावयास गेलेले, बोटांवर मोजू लागले : उजवा कोपरा, त्याच्या शेजारचा, मधले दोघे, डावा कोपरा. पाच. त्यांनी पुन्हा मोजले. मग ते म्हणाले, “मग आपण करायचं काय होतं रे तिथं?” त्या ‘आपण’मध्ये चढाई करणारा होता की सारा डबा, हे व्याकरणाने ठरविता येणार नाही. मुलाने उत्तरादाखल दाराच्या दांड्यास धरून डावा पाय किती मागे ठेवावयास हवा होता ते करून दाखविले. तेवढ्यात उमरोळी आली आणि तो उतरला.