जलसा आणि कॅसेट

विंचुरात जयंतीला कर्ण्यातून आनंद शिंदे यांचा आवाज येतो. याच आवाजाने १९८०च्या दशकात ‘नवीन पोपट’ घरोघर पोहोचवला, म्हणून आमचे काही समीक्षक नाक मुरडतात. मला ही तक्रारच पोकळ वाटते. भीमराव कर्डकांच्या जलशानेही १९३०च्या दशकात तमाशाचा लोकप्रिय साचा उचललाच होता. आत प्रश्न मात्र आपला भरला. चाल उसनी घेण्यात कसला आला गुन्हा?

खोट दुसरीकडे आहे. जलशात श्रोता समोर बसे, शाहिराला तोंडावर अडवी. वामनदादाही वस्त्यावस्त्यांतून असेच गायले. कॅसेटचा श्रोता म्हणजे केवळ गिऱ्हाईक. त्याला रुचेल तेवढेच गाणे उरले: पुष्कळ भीमगीतांत जयजयकार राहिला, मजुरी आणि जमीन गळाली. यात गायकाइतकेच आपणही दोषी आहोत. जयंतीची वर्गणी गोळा करताना कोणती गाणी लावायची, हे आपण कधी ठरवले?