शब्दवेध: रहस्यप्रधान नभोनाट्याची कला आणि तिची आजची स्थिती

नभोनाट्य म्हणजे केवळ कानांसाठी रचलेले नाटक. संवाद, पार्श्वध्वनी, संगीत आणि शांतता एवढीच त्याची सामग्री असते, आणि शांतता ही त्यांपैकी सर्वांत दुर्लक्षित पण रहस्यनाट्यासाठी सर्वांत मोलाची. या प्रकारातील रहस्यमालिकांचे आकर्षण सांगताना बहुतेक अभ्यासक श्रोत्याच्या कल्पनाशक्तीकडे बोट दाखवतात: डोळ्यांना काही दिसत नाही, म्हणून मन आपल्या परीने चित्र रंगवते, आणि मनाने रंगवलेले भूत पडद्यावरच्या भुतापेक्षा भयंकर असते. हे खोटे नाही, परंतु अपुरे आहे. कारण कल्पनाशक्तीला असेच आवाहन कादंबरीही करते, आणि तरीही रात्री पुस्तक वाचताना वाटणारी भीती व रेडिओ ऐकताना वाटणारी भीती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाचक पान उलटायचे थांबवू शकतो, मागे जाऊन एखादे वाक्य पुन्हा तपासू शकतो. थेट प्रक्षेपण ऐकणाऱ्याला यांतले काहीच करता येत नाही.

या कलेचे मर्म अधिक नेमके सांगायचे तर रामायणातील श्रावणाच्या कथेकडे वळावे लागते. नदीत घागर बुडते, पाणी आत शिरताना बुडबुड आवाज होतो, दशरथाला तो हत्ती पाणी पीत असल्याचा आवाज वाटतो आणि शब्दवेधी बाण सुटतो. येथे ध्वनी आधी येतो आणि त्याचे कारण नंतर कळते. या दोहोंमधल्या अवकाशात ऐकणारा आपल्या अनुभवानुसार अर्थ लावून मोकळा होतो, आणि तो अर्थ चुकलेला असतो. रहस्यप्रधान नभोनाट्य याच अवकाशावर जगते. जिन्यावर पावले वाजली हे श्रोत्याला कळते, ती कोणाची हे कळत नाही, आणि पाहण्याची सोयच नसल्यामुळे त्याला लेखक सांगेल त्या क्षणाची वाट पाहावी लागते. म्हणून ज्या नाटकात ऐकणे हाच पात्राचाही नाइलाज असतो, ते या कलेचे अस्सल नाटक, आणि ज्यात केवळ दिसणारी गोष्ट आवाजांत मांडलेली असते, ते कितीही भीतिदायक असले तरी दुय्यम, अशी कसोटी लावली तर या परंपरेतील पुष्कळसा पसारा आपोआप बाजूला होतो.

अमेरिकेत ही परंपरा १९३०च्या दशकात रुजली. शिकागोहून १९३४ मध्ये वायलिस कूपर यांनी सुरू केलेली आणि १९३६ पासून आर्च ओबोलर यांनी पुढे नेलेली ‘लाइट्स आउट’ ही मध्यरात्रीची मालिका तिच्या ध्वनिसंकेतांसाठी, म्हणजे एखादी कृती सुचवण्यासाठी कृत्रिमरीत्या निर्माण केलेल्या आवाजांसाठी, गाजली. माणसाचे शरीर आतून बाहेर उलटले जात असल्याचा आवाज ओला रबरी हातमोजा उलटा करून आणि त्याच वेळी फळांची पातळ टोपली चुरडून काढला जाई. ही कारागिरी थक्क करणारी आहे, परंतु तिचा परिणाम किळसेचा आहे, उत्कंठेचा नव्हे. उत्कंठा म्हणजे काहीतरी घडणार हे ठाऊक असणे आणि ते कधी, कोणावर, कोठून येणार हे ठाऊक नसणे. हातमोजा उलटण्याच्या आवाजात जे घडायचे ते घडून चुकलेले असते. ध्वनितंत्राच्या इतिहासात ओबोलर यांचे स्थान मोठे असले, तरी रहस्याची रचना त्यांच्या हातून क्वचितच साधली, असे म्हणावे लागते.

ती साधली सीबीएस या प्रक्षेपणसंस्थेच्या ‘सस्पेन्स’ मालिकेत. तिचा नमुना भाग १९४० मध्ये आल्फ्रेड हिचकॉक यांच्या दिग्दर्शनाखाली ध्वनिक्षेपित झाला, नियमित मालिका १९४२ मध्ये सुरू झाली, आणि १९६२ मध्ये ती थांबेपर्यंत तिचे नऊशेहून अधिक भाग झाले. विल्यम स्पायर यांच्या निर्मितीच्या काळात तिला आकार आला. चित्रपटांतील नामवंत नटनट्यांना त्यांच्या नेहमीच्या प्रतिमेविरुद्धच्या भूमिका देण्याची तिची प्रथा प्रायोजकांना सोयीची होती, यात शंका नाही; परंतु तिच्यामागे कलेचे कारणही होते. ओळखीचा, विनोदासाठी प्रिय झालेला आवाज भेदरलेला ऐकू येतो, तेव्हा त्या आवाजाविषयीचा श्रोत्याचा विश्वासच डळमळतो.

या मालिकेतील ‘सॉरी, राँग नंबर’ हे ल्युसिल फ्लेचर यांचे नाटक २५ मे १९४३ रोजी प्रथम प्रसारित झाले, आणि वर सांगितलेल्या कसोटीवर ते आजही सर्वांत वर उभे राहते. मिसेस स्टीव्हन्सन ही अंथरुणाला खिळलेली, चिडखोर, हट्टी स्त्री नवऱ्याच्या कचेरीचा फोन सतत व्यग्र लागतो म्हणून ऑपरेटरला जोडून द्यायला सांगते, आणि भलत्याच दोन पुरुषांचे संभाषण तिच्या कानावर पडते. ज्याला आपल्याकडे क्रॉस कनेक्शन म्हणत, तो प्रकार. एका बाईचा खून रात्री सव्वाअकराला करायचा आहे, कारण त्या वेळी पुलावरून आगगाडी जाते आणि तिच्या आवाजात किंकाळी बुडून जाईल. पुढचे सारे नाटक म्हणजे मिसेस स्टीव्हन्सनने फिरवलेले फोन: ऑपरेटर, पोलीस, इस्पितळ. प्रत्येक ठिकाणी एक शांत, कामकाजी आवाज तिला नियम ऐकवतो. तबकडी फिरताना होणारी खरखर, ती परत येताना होणारी टकटक, व्यग्र सूर, पुन्हा तबकडी. हा क्रम इतक्या वेळा येतो की त्याचा ताल श्रोत्याच्या छातीत बसतो.

या नाटकाचे सामर्थ्य कथेतील कलाटणीत नाही. जिचा खून व्हायचा ती बाई म्हणजे कोण, हे चाणाक्ष श्रोत्याला अर्ध्या वाटेवरच उमगते. सामर्थ्य आहे ते दोन जुळवणुकींत. पहिली म्हणजे श्रोता आणि पात्र यांची परिस्थिती तंतोतंत सारखी आहे. ती खोलीबाहेर जाऊन पाहू शकत नाही आणि श्रोताही रेडिओच्या पलीकडे पाहू शकत नाही, दोघांच्या वाट्याला तेवढाच आवाज येतो. दुसरी जुळवणूक वेळेची: नाटकातील घड्याळ आणि श्रोत्याच्या घरातील घड्याळ जवळजवळ एकाच गतीने चालते, त्यामुळे सव्वाअकरा ‘वाजले’ असे कोणी सांगावे लागत नाही, ते जवळ येताना जाणवतात. शेवटी जी आगगाडी येते, ती आधी केवळ शब्दांत सांगितलेली होती. आता तिचा आवाज येतो आणि त्याचा अर्थ कोणाला समजावून द्यावा लागत नाही. मिसेस स्टीव्हन्सनची भूमिका करणाऱ्या ॲग्नेस मूरहेड यांनी ती पुढे अनेक वेळा पुन्हा सादर केली. त्यांच्या अभिनयात सहानुभूतीची याचना जराही नाही हे विशेष. बाई शेवटपर्यंत नकोशी वाटते आणि तरीही तिच्यासाठी जीव वर-खाली होतो.

याच नाटकावर १९४८ मध्ये चित्रपट निघाला. पटकथा फ्लेचर यांचीच, आणि बार्बरा स्टॅनविक यांचे काम वाखाणले गेले. परंतु चित्रपटाला फोनच्या दुसऱ्या टोकाची माणसे दाखवावी लागली, त्यांचा भूतकाळ उलगडावा लागला, नवऱ्याच्या वागण्याची कारणे द्यावी लागली. कथा भरीव झाली आणि कोंडी सैल झाली. एकाच लेखिकेच्या हातून एकाच कथेचे हे दोन अवतार झाल्यामुळे, माध्यम बदलले की नेमके काय हरवते याचा असा स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

फ्लेचर यांच्याच ‘द हिच-हायकर’ या नाटकात ऑर्सन वेल्स यांनी न्यू यॉर्कहून कॅलिफोर्नियाकडे मोटारीने निघालेल्या तरुणाची भूमिका केली. त्याला वाटेत पुन्हा पुन्हा तोच एक माणूस रस्त्याकडेला उभा दिसतो. येथेही निर्णायक क्षण फोनचाच आहे. दूरच्या गावातून तो आईला फोन लावतो, सार्वजनिक फोनच्या पेटीत एकामागून एक नाणी पडत राहतात, आणि पलीकडून परका आवाज सांगतो की मुलगा अपघातात गेल्यापासून बाई इस्पितळात आहेत. त्या पडणाऱ्या नाण्यांचा आवाज व्यवहारातला, रोजचा आहे, आणि म्हणूनच त्यानंतरचे वाक्य पचवणे अवघड जाते. बर्नार्ड हरमन यांचे संगीत येथे आहे, पण ते भीतीची आगाऊ वर्दी देत फिरत नाही.

इतर मालिकांविषयी थोडक्यात सांगता येते. ‘इनर सँक्टम’ तिच्या करकरणाऱ्या दारासाठी आणि थट्टेखोर निवेदकासाठी लक्षात राहिली. दार उत्तम होते, आतल्या कथा बहुधा सामान्य. ‘द व्हिसलर’ मात्र अधिक अभ्यासली जायला हवी. तिचा निवेदक गुन्हेगाराशीच द्वितीयपुरुषात बोलतो, त्याचे बेत त्यालाच सांगतो, आणि ऐकणारा नकळत त्या संबोधनाच्या जागी जाऊन बसतो. मराठीत अशी मालिका लिहिणाऱ्याला पहिल्याच वाक्यात ‘तू’ की ‘तुम्ही’ हे ठरवावे लागेल, आणि त्या एका निवडीने निवेदक हा सोबती आहे की न्यायाधीश, हे ठरून जाईल. इंग्रजीला ही संधी नाही.

या बहराचा शेवट कलेच्या थकव्यामुळे झाला नाही. दूरचित्रवाणी घरोघर आली, प्रायोजकांचा पैसा तिकडे वळला, आणि ३० सप्टेंबर १९६२ रोजी ‘सस्पेन्स’चा शेवटचा भाग वाजला. हायमन ब्राउन यांनी १९७४ ते १९८२ या काळात ‘सीबीएस रेडिओ मिस्ट्री थिएटर’चे १,३९९ भाग करून ही कला पुन्हा उभी करण्याचा विलक्षण चिकाटीचा प्रयत्न केला. ब्रिटनमध्ये बीबीसी जाहिरातींवर अवलंबून नसल्यामुळे तेथे नभोनाट्य कधीच पूर्ण थांबले नाही. ॲगाथा ख्रिस्ती यांचे ‘माउसट्रॅप’ हे विक्रमी रंगभूमीनाट्यही १९४७ च्या ‘थ्री ब्लाइंड माइस’ या नभोनाट्यातूनच वाढले आहे.

आज पॉडकास्टच्या, म्हणजे इंटरनेटवरून हवे तेव्हा ऐकता येणाऱ्या ध्वनिमालिकांच्या रूपाने या प्रकाराला नवा श्रोता मिळाला आहे. ‘लाइमटाउन’ (२०१५) सारख्या मालिकांनी पत्रकाराच्या तपासाचे सोंग घेतले. त्याचे मूळ वेल्स यांच्या १९३८ मधील ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’च्या बनावट बातमीपत्रांत आहे. ‘होमकमिंग’ (२०१६) अधिक पुढे गेली: तिच्यात निवेदक नाही, आहेत ती समुपदेशनाची ध्वनिमुद्रणे आणि फोनवरची बोलणी, त्यामुळे प्रत्येक आवाज का ऐकू येतो याचे कारण कथेतच आहे. परंतु अशा मोजक्या कृती सोडल्या तर आजच्या मालिकांत ध्वनीची गर्दी झाली आहे. इअरफोनमधून पावसाचा प्रत्येक थेंब वेगळा ऐकवता येतो, म्हणून तो ऐकवला जातो. वाक्यावाक्यांखाली गुणगुणणारा सूर भीतीची सूचना देत राहतो, आणि ज्या शांततेत श्रोत्याने स्वतः चुकीचा अर्थ लावायचा, ती शांतताच उरत नाही. शिवाय थांबवण्याची कळ हाती आल्यामुळे घड्याळाची सक्ती गेली आहे. तंत्राने दिलेले हे स्वातंत्र्य परत घेता येणार नाही, परंतु लेखकाने त्याचा विचार करून रचना करावी, एवढी अपेक्षा निश्चित रास्त आहे.

भारतात ‘विविध भारती’च्या ‘हवामहल’ने छोट्या नाटिकांची सवय लावली, आणि कोलकात्यात २००९ पासून ‘संडे सस्पेन्स’ने बंगाली रहस्यकथांना प्रचंड श्रोतृवर्ग मिळवून दिला. मराठीत मात्र चित्र विषम आहे. बाबुराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथा वाचणारा, नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या भयकथा व गूढकथांवर प्रेम करणारा वाचक येथे होता आणि आहे. मुंबई आकाशवाणीची श्रुतिकांची परंपराही समृद्ध, पण श्रोत्यांच्या स्मरणात ठळक राहिली ती ‘पुन्हा प्रपंच’सारखी घरगुती मालिका. ‘स्टोरीटेल’ २०१७ मध्ये भारतात आल्यापासून मराठी ध्वनिपुस्तके वाढली, आणि गूढकथांना आवाज मिळाला. तरीही छापील कथा उत्तम आवाजात वाचणे आणि कानासाठी नाटक लिहिणे यांतील अंतर पुसट होऊ देता कामा नये. वाचनात ‘दार करकरले’ हे वाक्य असते, नाटकात ते वाक्य लिहिण्याचा अधिकार लेखकाला नसतो.

कानाने जग ओळखण्याची मराठीची स्वतःची तयारी मोठी आहे. खुट्ट, सळसळ, कुजबुज हे शब्द आहेतच. पण ‘चाहूल’ हा शब्द म्हणजे माणूस दिसण्यापूर्वी त्याच्या येण्याची आवाजाने झालेली जाणीव, एका शब्दात मांडलेले संपूर्ण रहस्यनाट्य. सामग्रीही जवळ आहे: जुन्या इमारतीतील जाळीच्या दाराची लिफ्ट, जी कोणत्या मजल्यावर थांबली हे घरात बसून मोजता येते, वाड्याच्या दाराची कडी, जी आतून लावली की बाहेरून, हे तिच्या आवाजावरून घरच्यांना कळते. क्रॉस कनेक्शनचा काळ गेला, फोन करणाऱ्याचे नाव आता पडद्यावर दिसते. परंतु मोबाइलवर येणारा व्हॉइस मेसेज आहे: ओळखीचा आवाज, सात-आठ सेकंदांचा निरोप, त्यामागे कोणाच्या तरी बांगड्यांची किणकिण, आणि शेवटच्या शब्दानंतर मुद्रण बंद होण्यापूर्वी उरलेला क्षणभराचा श्वास. तो निरोप ज्याला आला, तो पुन्हा पुन्हा लावून ऐकतो, आणि नाटक ऐकणाऱ्याच्या वाट्यालाही नेमकी तीच किणकिण आणि तोच श्वास येतो.