सापडलेल्याची गोष्ट कुणाची?

आमच्या चिखलीसारख्या गावांत पोराची पारख जत्रेत होत असे. हगामा भरला की आधी रेवड्यांवरच्या कुस्त्या लागत. परगावचा एखादा वस्ताद आखाड्याच्या कडेला पान चघळीत बसलेला असे. चटपट पट काढणारे एखादे पोर दिसले की तो त्याला जवळ बोलावी, दंड चाचपून पाही आणि विचारी, “कुणाचा रे तू?” उत्तरात बापाचे नाव येई, मग बापाकडे बोलणे जाई, आणि खुराकाची सोय लागली तर पोर तालमीत दाखल होई. या पारखीत जात, भावकी, ओळखदेख यांचा वाटा मोठा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पारखणारा चालत पोरापर्यंत येई, एवढे खरे.

१९९७ साली चिखली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. आता ती वर्कशॉपांची, भंगाराच्या गोदामांची, देशभरातून पोटासाठी आलेल्या माणसांची वस्ती झाली आहे. येथे “कुणाचा रे तू?” या प्रश्नाचे उत्तर कागदावर द्यावे लागते. आमच्या शेजारचा एक मुलगा, चेंडू पायाशी आला की सोडीत नाही असा, दोन वर्षांपूर्वी एका निवड चाचणीला गेला होता. त्याला धावायला कुणी लावलेच नाही. जन्मदाखला परराज्यातला आणि नावात एका अक्षराचा फरक. तेवढ्यावरून तो दारातूनच परतला. संध्याकाळी नेहमीसारखा खेळायला आला, पण कुणाशी बोलला नाही.

नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा चित्रपट मी पुन्हा पाहिला तो या मुलामुळे. ४ मार्च २०२२ रोजी तो प्रदर्शित झाला तेव्हा त्याच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले, आणि बरेचसे लेखन दोन टोकांचे होते. कुणी त्याला झोपडपट्टीच्या उद्धाराची कथा म्हणून गौरवले, तर कुणी तीन तासांच्या लांबीवर बोट ठेवून तो बाजूला सारला. मला वाटते, या दोन्ही मतांत चित्रपटाचा खरा विषय निसटला. तो विषय म्हणजे निवड: कोण कुणाला शोधतो, कशासाठी शोधतो, आणि सापडलेल्याचे पुढे काय होते.

कथेचा पाया वास्तवात आहे. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी भर पावसात वस्तीतली मुले फुटकी बादली लाथाडीत खेळताना पाहिली, आणि २००१ साली झोपडपट्टी फुटबॉलचे काम उभे केले. चित्रपटातले विजय बोराडे, म्हणजे अमिताभ बच्चन, हेच करतात. महाविद्यालयाच्या भिंतीपलीकडची मुले त्यांना दिसतात. ते मुलांना अर्धा तास खेळण्याचे पैसे देतात. असे काही दिवस चालते. मग एके दिवशी ते सांगतात, आज पैसे नाहीत. आणि मुले तरीही खेळायला उभी राहतात.

हा प्रसंग मला या चित्रपटाचा गाभा वाटतो. वरवर पाहता ही शिक्षकाची युक्ती आहे. पण नीट पाहिले तर बोराडे मुलांना फुटबॉल शिकवीत नाहीत. तो त्यांच्या पायांत आधीच आहे. त्यांनी फक्त भिंतीच्या पलीकडे पाहिले. गुण निर्माण करणारा आणि गुण ओळखणारा यांतला हा भेद मंजुळे फार संयमाने सांभाळतात.

या संयमाची किंमत कळायला थोडे दूर जावे लागेल. अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉल (त्यांचा, हाताने खेळायचा) हा अवाढव्य व्यवहार आहे. तिथले प्रशिक्षक शाळाशाळांचे सामने पाहत हिंडतात, मुलांच्या खेळाच्या चित्रफिती तपासतात, त्यांना पत्रे लिहितात आणि शेवटी घरी जाऊन आईबापांसमोर बसतात. मुलांना हॉटेलांसारखे तारे दिले जातात. बदल्यात शिष्यवृत्ती मिळते. आणि २०२१ पासून खेळाडूला स्वतःच्या नावावर पैसे मिळवण्याचीही मुभा आहे. या व्यवहारावर ‘द ब्लाइंड साइड’ हा चित्रपट २००९ साली निघाला. मेम्फिसमधला मायकेल ओहर हा निराधार कृष्णवर्णीय मुलगा, त्याला घरात घेणारे श्रीमंत गोरे कुटुंब आणि दिवाणखान्यात रांग लावणारे प्रशिक्षक, असा त्याचा मामला. त्यात काही खरेखुरे प्रशिक्षक स्वतःच्याच भूमिकेत आहेत. कुटुंबातल्या आईच्या भूमिकेसाठी सँड्रा बुलक यांना ऑस्कर मिळाले.

ज्याची ही गोष्ट, त्या ओहरला मात्र ती रुचली नाही. आपल्याला खेळ कळतच नव्हता आणि तो दुसऱ्यांनी शिकवला असे पडद्यावर दाखवल्याबद्दल त्याने आपल्या आत्मकथनात नाराजी नोंदवली. पुढे २०२३ साली तो न्यायालयात गेला. आपल्याला दत्तक घेतलेच नव्हते, २००४ साली फक्त आपले कायदेशीर पालकत्व घेतले होते, आणि आपल्या नावावर इतरांनी पैसा केला, असे त्याचे म्हणणे होते. कुटुंबाने हे आरोप नाकारले. त्याच वर्षी न्यायालयाने ते पालकत्व संपुष्टात आणले. बाकी वादात कोण किती खरे, हे ठरवण्याचा अधिकार समीक्षकाला नाही. पण इतके म्हणता येते की ती गोष्ट शोधणाऱ्याच्या बाजूने सांगितली गेली होती, आणि सापडलेल्याने चौदा वर्षांनी तिच्यावर हक्क सांगितला.

‘झुंड’ या दोषातून सुटतो का? अर्धा सुटतो. पूर्वार्धात मुलांची भाषा, त्यांची टिंगल, त्यांच्या चालण्यातली गुर्मी यांना मोकळे रान आहे. बोराड्यांच्या घरी बसून मुले आपापली कहाणी सांगतात तेव्हा कॅमेरा त्यांच्या तोंडावरून हलत नाही. नागपूरच्या वस्त्यांतूनच वेचलेली ही मुले अभिनय करीत आहेत असे वाटतच नाही. अंकुश गेडाम यांचा डॉन तर अंगात विजार घालावी तसा राग घालून वावरतो. विमानतळावरच्या तपासणीत तो अडकतो तेव्हा साऱ्या जन्माचा हिशेब त्या एका चौकटीत उभा राहतो. रिंकू राजगुरूची मोनिका आणि तिचा बाप पारपत्रासाठी कागद गोळा करीत हिंडतात, तो भाग काहींना लांबलेला वाटला. चिखलीत राहणाऱ्याला तो लांबलेला वाटणार नाही. आपण आहोत हे सिद्ध करायला तेवढाच वेळ लागतो.

पण उत्तरार्धात तोल जातो. न्यायालयात बोराडे उभे राहून बोलू लागतात, आणि इतका वेळ मागे उभा असलेला महानायक पुढे येतो. मुलांनी स्वतःच्या जगण्यातून जे दाखवले तेच आता आपल्याला भाषणातून ऐकावे लागते. रझियासारखी संसार मोडून खेळायला आलेली स्त्री दोनचार प्रसंगांत उरकली जाते. आणि शोधणाऱ्याच्या मनात कधी स्वार्थ, थकवा, चुकीची निवड येते की नाही, हे चित्रपट विचारीतच नाही. ज्यांना त्याने घेतले नाही, त्यांचे काय? बोराड्यांना एवढे निर्दोष ठेवल्याने ते माणूस म्हणून उणे झाले आहेत. मराठी वाचकाला १९५२ चे उदाहरण माहीत आहे. खाशाबा जाधवांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर ७००० रुपयांना गहाण टाकले. खाशाबांनी ब्राँझपदक आणले. ती गोष्ट आपल्याला हलवते, कारण तिथे शोधणाऱ्याचेही काही पणाला लागले होते. बोराड्यांचे काय पणाला लागले आहे, हे शेवटपर्यंत नीट जाणवत नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे परीक्षण पुरे होणार नाही. बारशांच्या हाताखालून पुढे गेलेल्या अखिलेश पॉल या खेळाडूच्या जीवनकथेचे हक्क कुणाकडे, यावरून २०२० साली तेलंगणातल्या न्यायालयाने ‘झुंड’च्या प्रदर्शनाला मनाई केली होती. म्हणजे सापडलेल्याची गोष्ट कुणाची, हा प्रश्न मेम्फिसपुरता नाही; नागपुरालाही तो चुकला नाही. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये या चित्रपटातल्या एका तरुण नटाचा नागपुरात खून झाला. पडद्यावर ज्या जगातून सुटका झाली, त्याच जगाने त्याला गाठले. याचा दोष दिग्दर्शकावर टाकणे अन्यायाचे होईल. परंतु मंजुळे हेही एक शोधणारेच आहेत. त्यांनी वस्तीत जाऊन मुले निवडली, त्यांना उजेडात आणले. उजेड विझल्यावर मुलगा कुठे जातो, हा प्रश्न प्रत्येक वस्तादाला, प्रत्येक प्रशिक्षकाला आणि आता प्रत्येक कलावंतालाही पडायला हवा.

असे असूनही ‘झुंड’ मला मोठा वाटतो, आणि तो त्याच्या शेवटामुळे. विजयाचा जल्लोष दाखवून तो थांबत नाही. विमान झोपडपट्टीवरून उडते, आणि खाली भिंत तशीच असते, ओलांडण्यास सक्त मनाई असल्याच्या पाटीसह. काही मुले वर गेली; भिंत पडली नाही. एवढे प्रामाणिक राहणे आपल्या चित्रपटांत दुर्मिळ आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने आमच्या शेजारच्या कुदळवाडीतली हजारो पत्र्याची शेडे नि गोदामे पाडली. राडारोडा हलल्यावर काही दिवस जागा मोकळी होती, आणि मुलांनी तिथे विटा मांडून गोल केले. शेजारचा तो मुलगाही त्यांत होता. मी कडेला उभा राहून पाहत होतो. त्याने दोघांना चकवून चेंडू विटांमधून घातला, आणि सवयीने एकदा कडेला नजर टाकली. तिथे मी होतो. वस्ताद कुणी नव्हता.