आमची सूचना, तुमची किरकिर

मी कॉमर्सचा पदवीधर. भाषेशी माझा संबंध 'सदर रक्कम खात्यात जमा करण्यात यावी' एवढाच. तरीही परवा भाषेतला एक मोठा शोध माझ्या हातून लागून गेला, आणि तोही चहाच्या गाळण्यामुळे.

झालं असं, की सकाळच्या चहात पावडरीचे चार कण तरंगताना दिसले. मी अत्यंत सौम्यपणे म्हणालो, "गाळणं बदलायला झालंय." आतून उत्तर आलं, "झाली का सकाळी सकाळी किरकिर सुरू!"

मी चकित झालो. मी सूचना केली होती. बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात पोचेपर्यंत तिची किरकिर कशी झाली?

बँकेत गेल्यावर एका रद्द स्लिपच्या पाठीवर यादी करायला घेतली. किरकिर, कुरकुर, पिरपिर, भुणभुण, कटकट, कचकच, चिडचिड, धुसफूस. जेवणाच्या सुट्टीपर्यंत 8 झाले. व्याकरणवाले असल्या शब्दांना अभ्यस्त म्हणतात. म्हणजे एकदा बोलून ज्यांचं भागत नाही ते. रातकिडा किरकिरतो, जुना पाळणा कुरकुरतो, पाऊस पिरपिरतो, डास भुणभुणतो. म्हणजे बारीकसारीक तक्रार करणारा इसम मराठीच्या लेखी माणूसच नव्हे. तो कीटक, लाकूड किंवा हवामान! आणि या शब्दांत त्याचं म्हणणं काय आहे याला जागाच नाही. नुसता आवाज तेवढा ऐकू येतो.

बरं, 'तक्रार' हा शब्द तरी भारदस्त असेल म्हणावं, तर तो मूळचा अरबी, आणि तिकडे त्याचा अर्थ पुनरावृत्ती. म्हणजे तोही आतून अभ्यस्तच निघाला. बाराव्या दिवशी आपण बाळाचं नाव ठेवतो आणि उरलेलं आयुष्य त्याला नावं ठेवण्यात घालवतो. एकवचनाला पेढे, अनेकवचनाला टोमणे! 'टीका' या शब्दाची तर आपण दुर्दशाच केली. ज्ञानेश्वरांनी 1290 साली गीतेवर टीका केली ती अर्थ उलगडून सांगण्यासाठी. आम्ही टीका करतो ती लग्नाच्या जेवणातल्या मठ्ठ्यावर.

पण माझा शोध निराळाच आहे. या शब्दांना प्रथम पुरुष चालत नाही. 'मी पिरपिर करतो' असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. मी सूचना करतो, तू खुसपट काढतोस, तो किरकिर करतो. हुद्द्याप्रमाणेही शब्द बदलतो. ऑडिटरनं काढला तर शेरा, कोर्टात गेला तर फिर्याद. कोकणात देवापुढे उभं राहून घातलं तर गाऱ्हाणं, आणि त्याला सगळा गाव 'व्हय महाराजा' म्हणतो. तीच गोष्ट आमच्या काउंटरवर आली की किरकिर. म्हणजे शब्द तक्रारीवरून ठरतच नाही. ऐकणाऱ्याला खुर्चीतून उठावं लागणार की नाही, यावरून ठरतो.

हे लिहिताना मला एक आजोबा आठवतात. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शन घ्यायला यायचे. पासबुकात त्यांच्या पत्नीच्या नावातली शेवटची वेलांटी गळाली होती. "एवढी दुरुस्त करा हो," म्हणायचे. आम्ही "पुढच्या वेळी करू" म्हणायचो. पुढच्या वेळी ते पुन्हा यायचे. आम्ही त्यांचं नाव 'वेलांटीआजोबा' ठेवलं होतं, आणि ते दारात दिसले की कुणीतरी हळूच म्हणायचं, "आली पिरपिर." म्हणणारा बहुतेक वेळा मीच असे.

मग एका महिन्यात ते आले नाहीत. त्यानंतर आजी आल्या, कागदांची पिशवी घेऊन. पेन्शनच्या कागदावर वेलांटी होती, आमच्या खात्यात नव्हती. दोन नावं जुळेनात. प्रतिज्ञापत्र आणा, ओळखीचा पुरावा आणा, पुन्हा या. एका वेलांटीपायी त्यांना पाच खेपा पडल्या. पाचही खेपांत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. निमूट बाकावर बसायच्या. आमच्या शाखेत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. त्या दिवसांत कुणीतरी चांगली खणखणीत किरकिर केली असती, तर मला बरं वाटलं असतं.

असो. विनोदी लेखात इतकं गंभीर व्हायचं नसतं, वाचक कुरकुरतात.

संध्याकाळी येताना नवं गाळणं घेऊन आलो. सौभाग्यवतींनी ते दिव्यासमोर धरलं, फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, "भोकं जरा मोठीच आहेत नाही का हो?"

'किरकिर' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. पण मी मुकाट्यानं खुर्चीतून उठलो, पायांत चपला सरकवल्या आणि गाळणं बदलायला निघालो.

चपलासुद्धा कुरकुरत होत्या.